चांद्याचे पाहुणे आणि आपले मौन

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करू लागलो, की आपली नजर वसईच्या किनाऱ्यावर, नगर-नाशिकच्या पठारावर आणि फार तर गोव्याच्या साष्टी प्रांतात जाऊन स्थिरावते. वर्धा नदी ओलांडून पूर्वेकडे चांद्याच्या रानापर्यंत ती सहसा पोहोचत नाही. तिकडे ख्रिस्ती माणूस नाही असे नव्हे. तो आहे, साठ वर्षांहून अधिक काळ आहे. परंतु आपल्या कथा-कवितेत, आत्मकथनांत आणि (आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही) आपल्या समीक्षेत त्याला अद्याप दार उघडलेले नाही. प्रस्तुत लेखात या मौनाची कारणे शोधण्याचा आणि ते मोडावयाचे झाल्यास कोणत्या वाटेने मोडावे, याचा विचार करण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपता संपता बल्लारशा जंक्शन लागते. गाडीतून गावी जाणारा मल्याळी माणूस येथे चहा घेतो आणि पुढे आंध्र-तेलंगणाकडे वळतो. काही मल्याळी कुटुंबांच्या बाबतीत मात्र प्रवास येथेच संपला. बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा आयुधनिर्माणीचा कारखाना, वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणी, १९८३ साली पहिला संच सुरू झालेले चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र, शाळा आणि इस्पितळे या सर्वांनी लांबलांबची माणसे ओढून घेतली. त्यांत फिटर होते, टंकलेखक होते, परिचारिका होत्या, शिक्षक होते.

या कुटुंबांच्या मागेपुढे एक धार्मिक इतिहासही चालत होता. ३१ मार्च १९६२ रोजी चांदा हा प्रदेश सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे मिशनक्षेत्र म्हणून सोपविण्यात आला. केरळाबाहेर या प्राचीन ख्रिस्तसभेला लाभलेले हे पहिलेच क्षेत्र. संत कुरियाकोस एलियास चावरा व त्यांचे सहकारी यांनी १८३१ साली मन्नानम येथे स्थापन केलेल्या सी.एम.आय. संघाचे धर्मगुरू तेथे आले. १९७७ साली चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि बिशप जान्युआरियस पालाथुरुथी हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. त्याचे प्रमुख देवालय बल्लारपूर येथे आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या ऐन रानात एक अख्खा धर्मप्रांत उभा आहे, त्याची पाळेमुळे मलबारच्या किनाऱ्यावर आहेत, आणि मराठी कॅथलिक वाचकाला त्याचे नावही क्वचितच ठाऊक असते.

या विषयावर लिहिलेले अगदीच काही नाही असे म्हणता येणार नाही. स्मरणिका आहेत. स्मरणिका हा आपल्याकडील सर्वांत विपुल आणि समीक्षेने सर्वांत दुर्लक्षिलेला वाङ्मयप्रकार होय. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, देवालयाचा अभिषेक, शाळेचा वर्धापनदिन, प्रत्येक निमित्ताने एक स्मरणिका निघते. तिची बांधणीही ठरलेली असते. आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, मग धर्मगुरूंची कालानुक्रमे नामावली, मग इमारतींची छायाचित्रे, मग आकडे, शेवटी देणगीदारांच्या जाहिराती. हे सारे खरे असते, जपून ठेवण्याजोगे असते. परंतु या मांडणीत कुटुंब येते ते केवळ सामूहिक छायाचित्रात, तिसऱ्या रांगेत, नावाशिवाय. कोट्टयमकडून चांद्याला आलेली एखादी परिचारिका पहिल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तेव्हा, रात्रपाळी संपवून कोणत्या खोलीत झोपली, तिच्या शेजारणीने तिला पहिला शब्द कोणता शिकविला, तिने नारळ कोठून आणला, हे स्मरणिका सांगत नाही. किंबहुना ते सांगणे आपले काम आहे असे तिला वाटतच नाही. स्मरणिका संस्थेचा इतिहास लिहिते, तिच्या आसऱ्याने जगलेल्या घरांचा नव्हे.

चांदा-गडचिरोलीविषयीचे मराठीतील दुसरे लेखन सेवेच्या प्रेरणेतून आलेले आहे, आणि ते निःसंशय मोलाचे आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या परिसरातून डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ आणि विलास मनोहर यांचे ‘नेगल’ व ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ असे लेखन मराठीला मिळाले. माडिया माणूस मराठी वाचकाच्या घरात प्रथम शिरला तो बव्हंशी या पुस्तकांच्या पानांतून. या लेखनाबद्दल आम्हांला आदर आहे. तरीही एक भेद नोंदविला पाहिजे. सेवेसाठी रानात गेलेला माणूस संकल्प करून गेलेला असतो. त्याच्या गैरसोयींना अर्थ असतो, त्याच्या एकटेपणाला तेज असते. पोटासाठी गेलेल्या माणसाच्या गैरसोयी नुसत्याच गैरसोयी असतात. त्याला कोणी भेटायला येत नाही. मराठी वाचकाने पहिल्या प्रकारच्या माणसावर मनापासून प्रेम केले. दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे पाहण्याची सवय त्याला या लेखनाने लागली नाही, लागणे शक्यही नव्हते.

याच जिल्ह्यांत पोटासाठीदेखील न आलेला, केवळ जीव घेऊन आलेला एक मोठा समाज आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निघालेले बंगाली निर्वासित १९६०च्या दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसविण्यात आले. आज चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे नाव ‘बंगाली कॅम्प’ असेच आहे. गडचिरोलीतील मुलचेरा-चामोर्शीकडे गावेच्या गावे बंगाली आहेत. यांतील बहुसंख्य लोक नमशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ज्यांची गणना अनुसूचित जातींत होते, त्यांचा महाराष्ट्राच्या यादीत समावेश नाही. एका राज्याची सीमा ओलांडताच माणसाचे दुःख कागदावरून पुसले जाते, याहून विदारक कथाबीज कोणते असू शकेल? बंगाली साहित्याने आपल्या निर्वासितांकडे पाठ फिरविली नाही. दंडकारण्यातून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर परतलेल्या निर्वासितांना १९७९ साली तेथून हुसकावण्यात आले, तो प्रसंग अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ या इंग्रजी कादंबरीच्या केंद्राशी आहे. मनोरंजन ब्यापारी यांनी तर निर्वासित दलिताचे जिणे आत्मचरित्रातच मांडले. मराठीत मात्र बंगाली कॅम्प हा रिक्षाचा थांबा राहिला.

येथे कोणी म्हणेल, की मल्याळी कुटुंबांची तुलना निर्वासितांशी कशी करावी? ती नोकरीवर आली, पगार घेऊन आली, त्यांच्या पाठीशी ख्रिस्तसभा होती. आक्षेप रास्त आहे आणि दोन्ही दुःखे एका मापाने मोजण्याचा आमचा मानस नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या गावात आपल्या भाषेची दहा घरेही नाहीत तेथे चूल मांडणे हा एक स्वतंत्र अनुभव आहे. त्याची तीव्रता कमीअधिक असेल, जात मात्र एकच. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस मेक्सिको व मध्य अमेरिकेतील कुटुंबे जुनी वस्ती असलेली शहरे सोडून आयोवा, नेब्रास्का, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांतील, स्पॅनिश क्वचितच कानी पडणाऱ्या गावांकडे वळली. मांस-कारखान्यांत काम होते. तेथेही प्रथम पगार आला, नंतर बायकामुले आली, आणि मग गावच्या देवालयात आपल्या भाषेत मिस्सा हवी ही मागणी आली. त्या समाजाला लेखक लाभले होते. सांड्रा सिस्नेरोस यांचे १९८४ सालचे ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे छोटेखानी पुस्तक शिकागोतील एका मेक्सिकन मुलीच्या नजरेने घर, गल्ली आणि शाळेत नीट न उच्चारले जाणारे स्वतःचे नाव यांकडे पाहते. त्यात मोठी घटना जवळजवळ नाही. तरीही ते वाचून झाले, की ती गल्ली आपल्या ओळखीची होते. चांद्याच्या एखाद्या कामगार वसाहतीला असे पुस्तक का लाभू नये?

खुद्द मल्याळम साहित्याकडे वळलो तर आपला प्रश्न अधिक टोकदार होतो. एस. के. पोट्टेक्काट यांची ‘विषकन्यका’ ही कादंबरी १९४८ सालची. त्रावणकोरचे ख्रिस्ती शेतकरी घरदार विकून उत्तरेकडे वायनाडच्या रानात जातात, जमीन घेतात, झाडी तोडतात. आणि हिवताप, श्वापदे व दारिद्र्य यांच्यापुढे एकेक करून हरतात. हिरवी, रसरशीत जमीन त्यांना भुलविते आणि स्पर्श करताच मारते, म्हणून ती विषकन्या. हे शेतकरी म्हणजे चांद्यास आलेल्यांचे भाऊबंदच. तेव्हा स्थलांतर हा या समाजाच्या आयुष्यातील अपघात नव्हता. तो त्यांचा वारसा होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोट्टेक्काट स्वतः ख्रिस्ती नव्हते. शेजाऱ्याच्या दुःखाची कादंबरी शेजाऱ्याने लिहिली. मराठी लेखक चांद्याच्या मल्याळी घराविषयी लिहीत नाही तेव्हा ‘तो आमचा अनुभव नव्हे’ ही सबब त्याला पुढे करता येणार नाही.

तथापि, ‘विषकन्यका’चा कित्ता जसाच्या तसा गिरवावा असेही आम्ही म्हणणार नाही. तिच्या मध्यभागी स्थलांतरित शेतकरी आहे आणि रान हे त्याचे प्रतिस्पर्धी आहे. पण ते रान कोणाचे तरी घर होते. ही दुसरी बाजू पुढे के. जे. बेबी यांनी ‘मावेलिमन्रम’ (१९९१) या कादंबरीत मांडली. वायनाडच्या अडियार लोकांच्या गुलामीचा इतिहास तिने आतून सांगितला. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजेच वायनाड पुरते समजते. एकाच झाडाखाली एकाला विष दिसले आणि दुसऱ्याला आजोबांचे थडगे.

चांदा-गडचिरोलीच्या बाबतीत हे भान अधिकच आवश्यक आहे, कारण तेथे ‘यजमान कोण’ हा प्रश्न सोपा नाही. आपण सहज म्हणून जातो, की मल्याळी, बंगाली ही माणसे मराठी मुलखात पाहुणी आली. पण चांदा ही गोंड राजांची राजधानी. भोसल्यांकडे तो प्रदेश गेला तो अठराव्या शतकात. सिरोंच्याकडे बाजारात तेलुगू चालते, भामरागडकडे माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली, आणि कचेरीतील मराठी तेथील कित्येक मुलांना शाळेतच प्रथम भेटते. म्हणजे ज्या घरात मल्याळी कुटुंब पाहुणे म्हणून उतरले, त्या घरात मराठी माणूसही केव्हातरी पाहुणाच होता. तो फक्त आधी आला आणि किल्ल्या त्याच्याकडे राहिल्या. ज्या लेखकाला हे दिसेल त्याच्या कथेत आपोआप विनम्रता येईल. ज्याला दिसणार नाही तो पाहुणचाराची गोड गोष्ट लिहील आणि ती खोटी ठरेल.

आता भाषेचा प्रश्न, जो आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. सिरो-मलबार ख्रिस्तसभेची उपासना शतकानुशतके सुरियानी भाषेत होत असे. मल्याळम भाषेतील कुर्बाना सुरू झाली ती ३ जुलै १९६२ रोजी, संत थोमाच्या सणादिवशी. चांदा मिशनची स्थापना त्याच वर्षीची, अवघ्या तीन महिन्यांपूर्वीची. हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. जी माणसे घर सोडून निघाली, त्यांच्या ओठी देवाशी बोलण्याची मातृभाषा नुकतीच आली होती. परक्या गावी आठवड्यातून एकदा ती ऐकावयास मिळणे, हा त्यांच्या दृष्टीने केवळ विधी नव्हता. त्या एका तासात ते घरी जाऊन येत. त्यांनी मल्याळम प्रार्थनेचा आग्रह धरला तर त्यास अलगपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु त्यांची नातवंडे चांद्यात जन्मली. ती खेळली ती झाडीबोलीत. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’ सहसा ‘र’कडे झुकतो. ज्या भाषेच्या नावातच ‘ळ’ आहे त्या मलयाळमचे लेकरू अशा बोलीत वाढावे, ही गंमत एखाद्या कथाकाराला का सुचली नाही, कोण जाणे! घरी आजी ‘अम्मची’, गल्लीत ‘आजी’. घरी जाडा लाल उकडा भात, शेजारी दादाजी खोब्रागडे यांनी याच जिल्ह्यात शोधलेल्या एच.एम.टी. तांदळाचा बारीक भात. (झाडीपट्टी हा तलावांचा आणि धानाचा मुलूख असल्यामुळे भात खाणाऱ्या माणसाला तो निदान ताटापुरता परका वाटला नसावा.) या मुलांनी प्रार्थना कोणत्या भाषेत करावी? आजीच्या भाषेतील प्रार्थना त्यांना पाठ असते, समजत नाही. शाळेतील इंग्रजी समजते, पण तिच्यात रडता येत नाही. आणि ज्या भाषेत ती भांडतात, लाडात येतात, तिला देवालयाच्या पायरीवर चपलांसह ठेवावे लागते. १९६२ साली आजी-आजोबांना जो अधिकार मिळाला, तोच नातवंडांना का नसावा? मातृभाषेचे तत्त्व मान्य केले की ते पिढीगणिक नव्याने लागू करावे लागते. हा प्रश्न धर्माध्यक्षांनी व उपासना-समित्यांनी सोडवावयाचा आहे खरा. पण तो प्रश्न एका मुलाच्या घशात कसा अडकतो, हे दाखविण्याचे काम साहित्याचेच आहे.

येथे आपल्या परंपरेत एक आदिपुरुष उभा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. १५७९ साली गोव्यास आले, साष्टीत राहिले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे प्रसिद्ध झाले. परदेशातून येऊन मराठीला घर मानणाऱ्या या पाहुण्याचा गौरव आपण चारशे वर्षे करीत आलो. तो योग्यच आहे. मात्र त्या गौरवात एक सोय दडलेली आहे: पाहुण्याने आपली भाषा शिकावी, आपल्या भाषेचे गुण गावेत, इतके झाले की आपले कर्तव्य संपले. पाहुण्याच्या भाषेतील दोन शब्द आपण शिकलो का, हे स्टीफन्सचा गौरव करताना कोणी विचारीत नाही. चांद्याच्या गल्लीत दक्षिणेकडील प्रत्येक माणूस ‘मद्रासी’ ठरला, यात अज्ञानापेक्षा आळस अधिक आहे.

मग हे लेखन कसे असावे? नमुना दूर शोधावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरात आहेत. ते पुस्तक धर्मांतराचा इतिहास म्हणून वाचले जाते. आम्हांला ते घर बदलण्याचा इतिहास म्हणूनही तितकेच थोर वाटते. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या एका घटनेचे धागे लक्ष्मीबाई पाण्याच्या घागरीत, ताटात, शेजारणीच्या बोलण्यात, स्वतःच्याच सोवळ्याओवळ्यात शोधीत जातात, आणि वर स्वतःला हसतात. त्यांनी संस्थेचा इतिहास लिहिला नाही, सेवेचा लिहिला नाही, तक्रारीचाही नाही. स्वयंपाकघरातून जग जेवढे दिसते तेवढे त्यांनी सांगितले, आणि ते पुरेसे ठरले. चांद्याच्या एखाद्या निवृत्त परिचारिकेने आपल्या मोडक्यातोडक्या, झाडी वळणाच्या मराठीत असे सांगावे आणि संपादकांनी त्या मराठीला इस्त्री करू नये, ही आमची इच्छा आहे.

‘साहित्य फर्माईश करून होत नसते’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ऐकणारा कान असल्याशिवाय सांगणारे तोंड उघडत नाही, हेही तितकेच खरे. आपल्या नियतकालिकांनी वसईच्या वाडीवर, तिच्या बोलीवर, तिच्या लग्नगीतांवर प्रेमाने पाने खर्च केली. त्यातून लेखक घडले. तेवढीच पाने पूर्वेकडे खुली आहेत असे कळले, तर तिकडचे लेखक आपोआप दिसू लागतील. आणखी एक गोष्ट घाईची आहे. १९६०-७०च्या दशकांत आलेली पिढी आता मावळत आहे. मुले पुण्या-बंगळुरूस, नातवंडे आखातात नाहीतर युरोपात निघाली आहेत. वसाहतीतील घरे रिकामी झाली की तो अनुभव स्मरणिकेतील तिसऱ्या रांगेतच कायमचा राहील.

पवित्र शास्त्रात रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. दुष्काळामुळे बेथलेहेमचे एक कुटुंब मवाब देशात जाते. तेथे पुरुष मरतात. सासू परत निघते आणि परदेशी सून तिच्याबरोबर येते, दुसऱ्याच्या शेतात सर्वा वेचते. त्या छोट्या पुस्तकात राजे नाहीत, युद्ध नाही, चमत्कारही नाही. एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या दोन बायका आहेत आणि त्यांच्याकडे नीट पाहणारा एक शेतकरी आहे. तरीही ते वगळावे असे शास्त्राला वाटले नाही. उलट, दाविदाची आणि पुढे प्रभू येशूची वंशावळ त्याच शेतातून जाते. चांद्याच्या धानशेतांतही अशा कितीतरी रूथ वावरल्या असतील. त्यांची नावे आपण अजून विचारलेली नाहीत.